शोकनायक, ग्रीक
प्राचीन ग्रीक शोकात्मिकेतील मध्यवर्ती पात्र. मोठी प्रतिष्ठा व थोर मन लाभलेली ही व्यक्ती स्वतःच्याच कृतीमुळे सर्वनाश ओढवून घेते. तिच्यातील उणीव आणि तिची थोरवी यांचे परस्परनाते कोणते, हा या संकल्पनेतील मूळ प्रश्न होय. ‘शोकनायक’ ही संज्ञा ॲरिस्टॉटलची (इ. स. पू. ३८४–३२२) नाही, त्याच्या विवेचनाच्या आधारे ती उत्तरकालीन समीक्षेत रूढ झाली.

ग्रीक शोकात्मिका अथेन्समध्ये डायोनायसस या देवतेच्या वसंतोत्सवात सादर होत. तीन कवींमध्ये स्पर्धा असे व प्रत्येक कवी सामान्यतः तीन शोकात्मिका आणि एक सॅटर-नाट्य सादर करी. कथानके बहुधा पुराणकथांतील राजकुलांची असत आणि ती प्रेक्षकांना पूर्वपरिचित असत. त्यामुळे काय घडणार, यापेक्षा ते कसे घडते आणि त्याची जबाबदारी कोणाची, याकडेच प्रेक्षकांचे लक्ष लागलेले असे.

काव्यशास्त्र या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेला योग्य अशा व्यक्तीचा विचार केला आहे. सर्वथा सज्जन माणसाचा अधःपात केवळ उद्वेग निर्माण करतो. दुर्जनाचा उत्कर्ष शोकात्म ठरत नाही आणि त्याचा नाश समाधान देत असला, तरी करुणा व भीती जागवीत नाही. कारण करुणा वाटते ती अकारण दुःख भोगणाऱ्याविषयी आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसावर आपत्ती कोसळल्यामुळे. म्हणून योग्य व्यक्ती या दोहोंच्या मधली, कीर्तिमान आणि ऐश्वर्यसंपन्न असावी व तिचा नाश दुष्टपणामुळे नव्हे, तर ‘हामार्शिआ’मुळे व्हावा, असे तो म्हणतो. ईडिपस आणि थायेस्टीझ ही त्याने दिलेली उदाहरणे होत.

‘हामार्शिआ’ या शब्दाचा अर्थ हा दीर्घकालीन वादाचा विषय ठरला आहे. ज्या क्रियापदापासून तो बनला, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा असून होमरच्या काव्यात ते भाल्याच्या फेकीसंबंधी येते. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषेत हाच शब्द ‘पाप’ या अर्थी रूढ झाला. प्रबोधनकाळानंतरच्या अनेक टीकाकारांनी त्यात स्वभावदोष पाहिला आणि नायकाचे दुःख म्हणजे त्या दोषाचे शासन, असा अर्थ लावला. विसाव्या शतकात मात्र इन्ग्रॅम बायवॉटर (काव्यशास्त्राची आवृत्ती, १९०९) आदी विद्वानांनी त्याचा अर्थ ‘चूक’, विशेषतः वस्तुस्थितीच्या अज्ञानातून घडलेली चूक, असा घेतला. ई. आर्. डॉड्झ याने १९६६ मधील निबंधात ईडिपसच्या बाबतीत अपराध व शिक्षा ही मांडणी स्पष्टपणे नाकारली.

तत्कालीन अथेन्समधील न्यायव्यवहार या संदर्भात उद्बोधक आहे. बुद्धिपुरस्सर केलेला वध आणि अनवधानाने घडलेला वध यांत तेथील कायदा ड्रेकोच्या काळापासून (इ. स. पू. सातव्या शतकाची अखेर) भेद करीत असे व त्यांसाठी न्यायासनेही वेगवेगळी होती. परंतु सांडलेल्या रक्तामुळे येणारी धार्मिक अशुद्धी हेतू पाहत नसे. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष माणूसही अशुद्ध ठरू शके. ग्रीक शोकनायक पुष्कळदा याच विसंगतीत सापडतो.

सॉफोक्लीझच्या (इ. स. पू. सु. ४९६–४०६) राजा ईडिपस या नाटकात हे विशेष स्पष्ट होते. ईडिपस शीघ्रकोपी आहे. टायरीसिअस या द्रष्ट्यावर व मेहुणा क्रीऑनवर तो उतावीळपणे कटाचा आरोप करतो. परंतु पित्याचा वध व मातेशी विवाह या गोष्टी नाटकाच्या आरंभापूर्वीच आणि अजाणता घडून गेलेल्या आहेत. त्या टाळण्यासाठीच त्याने कॉरिंथ सोडले होते. नाटकात घडतो तो केवळ सत्याचा उलगडा आणि तो ईडिपसच्या गुणांमुळेच होतो. साथीने गांजलेल्या थीब्झ नगरीला वाचविण्यासाठी तो राजा लेअसच्या मारेकऱ्याचा शोध आरंभतो. टायरीसिअस, योकास्ता आणि वृद्ध मेंढपाळ हे तिघेही त्याला थांबण्यास विनवितात. तो थांबत नाही. स्फिंक्सचे कोडे सोडविणारी बुद्धी आणि प्रजेविषयीची कळकळ हीच त्याला विनाशाकडे नेतात. थांबला असता तर तो वाचला असता. पण मग तो ईडिपस राहिला नसता.

त्याच्या इतर नाटकांतही हाच बंध दिसतो. एजॅक्समध्ये सेनेचा आधारस्तंभ असलेला वीर अकिलीझची शस्त्रे आपणास न मिळाल्याने सेनानींच्या वधास निघतो. अथीनाने भ्रमित केल्यामुळे तो गुरांची कत्तल करतो आणि शुद्धीवर येताच आत्मघात करतो. त्याला मोठेपण देणारा मानीपणाच त्याला जगू देत नाही. त्याच्या उचित अंत्यसंस्कारासाठी रदबदली करणारा ओडिसियस हा त्याचा प्रतिस्पर्धीच आहे, हे लक्षणीय होय. अँटिगॉनमध्ये नायिका भावाच्या दफनाचे कर्तव्य पार पाडते. तिची धर्मनिष्ठा तिच्या हट्टापासून वेगळी काढता येत नाही.

ॲरिस्टॉटलची चौकट सर्वच नाटकांना लागू पडत नाही. युरिपिडीझच्या मीडीआत (इ. स. पू. ४३१) नायिका आपल्या कृत्याची भीषणता पूर्णपणे जाणूनच अपत्यांचा वध करते, तेथे अज्ञानाला वाव नाही.

ईडिपस ॲट कोलोनस (प्रयोग इ. स. पू. ४०१, कवीच्या मृत्यूनंतर) या नाटकात वृद्ध, अंध ईडिपस आपण हे सर्व अजाणता केले, असे ठामपणे सांगतो. तरीही त्याने घडलेल्याचे ओझे कधी दुसऱ्यावर टाकलेले नाही. आपत्ती अपोलोने आणली, पण डोळे फोडणारा हात आपलाच, असे त्याने पूर्वीच्या नाटकात म्हटले होते. अपराध नसताना परिणाम स्वीकारणे, यातच ग्रीक शोकनायकाची थोरवी आहे. दोष शोधून दुःखाचा हिशेब पुरा करणारे स्पष्टीकरण नेमकी हीच थोरवी नजरेआड करते.

मराठीत गो. वि. करंदीकर यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७) या ग्रंथाद्वारे मूळ विवेचनाचा परिचय करून दिला. पु. ल. देशपांडे यांनी राजा ओयदिपौस या नावाने सॉफोक्लीझचे नाटक मराठीत आणले.