क्लच झटक्याने पकडणे (मोटारसायकल)

क्लच झटक्याने पकडणे हा मोटारसायकलच्या क्लचमध्ये आढळणारा एक दोष आहे. या दोषात लिव्हर सावकाश सोडली तरी क्लच क्रमाक्रमाने न जुळता एकदम जुळतो. त्यामुळे वाहन उडी मारल्यासारखे पुढे जाते किंवा इंजिन बंद पडते. चढावर, वाहतुकीच्या कोंडीत आणि ओल्या रस्त्यावर हा दोष धोकादायक ठरतो. अनेकदा प्लेट झिजल्या असे गृहीत धरून थेट नवा संच बसवला जातो. परंतु दोषाचे मूळ वायर, तेल किंवा क्लच हाउसिंगमध्ये असल्यास खर्च करूनही तो कायम राहतो. म्हणून तपासणी बाहेरून आत या क्रमाने करणे इष्ट असते.

रचना व कार्य

बहुतेक आधुनिक मोटारसायकलींत इंजिन तेलात बुडालेला, अनेक प्लेट असलेला ‘ओला’ क्लच असतो. क्लच हाउसिंग हा बाहेरील डबा इंजिनाबरोबर फिरतो. फ्रिक्शन प्लेटचे बाहेरील दाते या डब्याच्या उभ्या खाचांत बसतात, तर स्टील प्लेटचे आतील दाते गिअरपेटीच्या दांड्यावरील हबमध्ये अडकतात. दोन्ही प्रकारच्या प्लेट एकाआड एक रचलेल्या असून स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट त्यांना दाबून धरते. लिव्हर ओढल्यावर हा दाब सुटतो. लिव्हर सोडताना प्लेट प्रथम एकमेकींवर घसरतात आणि नंतर एकजीव होऊन फिरतात. ही घसरण सुरळीत होण्यासाठी प्रत्येक प्लेट खाचेत पुढेमागे मोकळेपणाने सरकणे आवश्यक असते.

लक्षणांतील फरक

क्लचचे चार दोष परस्परांपासून वेगळे ओळखावे लागतात.

• झटक्याने पकडणे: लिव्हरच्या एका ठरावीक बिंदूवर क्लच एकदम जुळतो.
• थरथरणे: जुळताना वाहन लयबद्ध हादरते; वाकलेली स्टील प्लेट हे याचे एक कारण असते.
• पूर्ण न सुटणे: लिव्हर ओढूनही वाहन पुढे रेटते, न्यूट्रल सापडत नाही.
• घसरणे: इंजिनाची गती वाढते, पण वाहनाचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

थंड इंजिन सुरू केल्यानंतर पहिला गिअर टाकताना बसणारा एखादा धक्का बहुधा दोष नसतो. तेलामुळे प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असतात.

कारणे

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे हाउसिंगच्या खाचांवर पडलेले व्रण. फ्रिक्शन प्लेटचे दाते खाचेच्या कडेवर सतत आदळून तेथे लहान खड्डे पाडतात. दाता खड्ड्यात अडकला की प्लेट सरकत नाही. दाब पुरेसा वाढताच तो निसटतो आणि प्लेट एकदम दाबल्या जातात. याशिवाय गंजलेली किंवा तुटू लागलेली वायर, कोरडी पडलेली लिव्हरची खीळ, जळून गुळगुळीत झालेल्या फ्रिक्शन प्लेट, असमान स्प्रिंग आणि अयोग्य तेल ही कारणे संभवतात. ढिली साखळी किंवा मागील चाकातील झिजलेले रबर यांमुळे बसणारे धक्केही क्लचचा दोष वाटू शकतात.

निदान

प्रथम साखळीचा ताण पाहिला जातो. त्यानंतर लिव्हरच्या टोकाची मोकळी चाल मोजली जाते. ती अनेक वाहनांत १० ते २० मिमी असते. वायरचे खालचे टोक सोडवून आतील तार हाताने ओढल्यास ती न अडखळता सरकली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना वळवून वायर कोठे दाबली जाते का, हेही पाहतात.

पुढील पायरी तेलाची. जपानच्या जासो मानकातील ‘एमए’ वर्गाचे तेल ओल्या क्लचसाठी असते. ‘एमबी’ वर्गाच्या तेलाचे घर्षण कमी असल्याने क्लच घसरू शकतो. या तपासण्यांत दोष न सापडल्यासच क्लच उघडला जातो.

प्लेट बदलण्याची पद्धत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले जाते. क्लचचे झाकण उजव्या बाजूस असलेली वाहने साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवल्यास तेल कमी सांडते. अन्यथा तेल आधी काढले जाते.

२. वायर सोडवून झाकणाचे बोल्ट काढतात. त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचतात.

३. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल केले जातात. प्लेट बाहेर काढताना त्यांचा क्रम व दिशा यांचे छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते. काही वाहनांत एक प्लेट अरुंद असून तिच्या आत थरथर रोखणारी स्प्रिंग असते.

४. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजतात. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने तिचा वाक तपासतात. निळे डाग अतिउष्णता दर्शवतात. स्प्रिंगची मोकळी लांबीही मोजतात. सर्व मापांच्या मर्यादा त्या वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घेतल्या जातात.

५. हाउसिंगच्या खाचांवरून नख फिरवल्यास खड्डे जाणवतात. उथळ खड्डे बारीक कानशीने समतल करता येतात. मात्र धातूचा कीस इंजिनात पडू देऊ नये. खड्डे खोल असल्यास हाउसिंग बदलावे लागते. त्यासाठी मधला नट काढण्याचे विशेष अवजार लागते, म्हणून हे काम सहसा कार्यशाळेत केले जाते.

६. नव्या फ्रिक्शन प्लेट काही तास इंजिन तेलात भिजवून मूळ क्रमाने रचतात. कोरड्या प्लेट बसवल्यास त्या सुरुवातीलाच जळू शकतात.

७. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापापर्यंत आवळतात. हे बोल्ट लहान असल्याने अंदाजाने आवळल्यास तुटतात. झाकणाला नवे पॅकिंग लावून तेलाची पातळी व लिव्हरची मोकळी चाल पुन्हा जुळवली जाते.

खबरदारी

जुन्या वाहनांच्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे त्या कोरड्या घासणे किंवा त्यांवर हवेचा झोत मारणे टाळावे. वापरलेले तेल भारतात घातक कचऱ्यात मोडते; ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता संकलनासाठी द्यावे लागते. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी कमी वेगाने घेतली जाते.