कर्बोदकाने सोडलेले उदक

जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘कर्बोदके’ हा शब्द मुलं पाठ करतात, फोडून मात्र बघत नाहीत. साधा गुणसंधी आहे: कर्ब अधिक उदक. कार्बन आणि पाणी. ‘कार्बोहायड्रेट’चाही अर्थ तोच. त्यातलं ‘हायड्र’ ज्या ग्रीक ‘हायडोर’वरून आलं तो शब्द आणि आपलं संस्कृत ‘उदक’ ही दोन्ही एकाच प्राचीन धातूची लेकरं. म्हणजे इथे भाषांतर करताना आपण चुलतभावालाच बोलावलं.

हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबातून निघालं. ग्लुकोजमध्ये कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. एका ऑक्सिजनमागे दोन हायड्रोजन, म्हणजे पाण्याचंच प्रमाण. ऊस-बिटाच्या साखरेत १२ कार्बन आणि हिशेबाने ११ पाणी. मग हा पाणी धरलेला कार्बनच, असं रसायनशास्त्रज्ञांना वाटलं. वाटायला कारणही होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षक चंचुपात्रातल्या साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओततात (हा प्रयोग त्यांनीच करायचा, घरी मुळीच नाही). साखर आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग काळीकुट्ट. वाफा निघतात, जळक्या साखरेचा वास सुटतो आणि काळा, सच्छिद्र खांब फुगत फुगत पात्राच्या वर येतो. आम्लाने साखरेला उदक सोडायला लावलं. मागे उरला तो बहुतांशी कर्ब.

पण साखरेच्या रेणूत पाणी म्हणून पाणी कुठेच नसतं. हायड्रोजन वेगळा, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी वेगळी, अशी ती कार्बनच्या साखळीला जागोजागी चिकटलेली असतात. आम्ल त्यांना ओढून काढतं तेव्हा त्यांचं पाणी होतं. शिवाय प्रमाणाचा नियमही पक्का नाही. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल या हिशेबात चपखल बसतं: २ कार्बन, ४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. तरी ते कर्बोदक नव्हे. उलट आपल्या डीएनएतली डीऑक्सिरायबोज ही अस्सल शर्करा. तिच्यात ५ कार्बन, १० हायड्रोजन आणि ऑक्सिजन चारच. ‘डीऑक्सि’ म्हणजे एक ऑक्सिजन कमी, हे ती नावातच सांगते.

शर्करा या शब्दाचा प्रवास तर आणखी लांबचा. मूळ अर्थ वाळू, बारीक खडे. आयुर्वेदात लघवीवाटे पडणाऱ्या मूतखड्याच्या कणांनाही शर्कराच म्हटलं आहे. उसाच्या रसाचे कण दिसायला तसेच, म्हणून त्यांना हे नाव चिकटलं. प्राकृतातून आपल्याकडे ‘साखर’ झाली. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, युरोपात ‘शुगर’. ग्रीक-लॅटिनच्या वाटेने गेलेल्या रूपातून रसायनशास्त्राने ‘सॅकराइड’ घडवलं. तेव्हा ‘पॉलिसॅकराइड’ म्हणताना जीभ अडखळली तरी शब्द परका नाही. आणि ‘खडीसाखर’ म्हणताना आपण खडा दोनदा म्हणतो! पिष्टमय पदार्थांचं तर आणखी सोपं: पिष्ट म्हणजे दळलेलं, आणि त्याचंच झालं पीठ.

‘प्रथिन’ मात्र मला मराठीतल्या परिभाषेचा सर्वांत देखणा नमुना वाटतो. १८३८ साली स्वीडनच्या बर्झेलियसने डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डरला पत्रातून ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं, ‘पहिल्या मानाचं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या ‘प्रथिन’मध्ये ‘प्रथम’ही ऐकू येतो आणि ‘प्रोटीन’ही. अर्थ साधला, नाद साधला. ‘विकर’ या शब्दाला हे जमलेलं नाही. तो नीट घडवलेला असूनही वर्गाबाहेर कोणी बोलत नाही, सगळे ‘एन्झाइम’च म्हणतात.

कर्बोदक हा शब्द बदलावा असं मी म्हणणार नाही. तो सुटसुटीत आहे, रुळलाही आहे. शिक्षकांनी व्याख्या सांगण्याआधी तो फळ्यावर फोडून दाखवावा, आणि ‘ग्लुकोजच्या रेणूत पाण्याचे सहा रेणू असतात’ असं कोणी उत्तरपत्रिकेत लिहिलं, तर खुशाल गुण कापावेत.