ख्रिस्तपुराण कोणी राखलें?

भक्तीला परकी भाषा मानवत नाहीं, याची साक्ष गोमंतकाच्या इतिहासांत मिळते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आला. साष्टींतील नवख्रिस्ती लोकांचीं देवळें गेलीं होतीं, पुराणेंही गेलीं होतीं. कथाश्रवणाची गोडी मात्र उरली होती. ती ओळखून त्यानें मराठींत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलेल्या या ग्रंथांत सुमारें ११,००० ओव्या आहेत. पूर्वभागांत जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा येते, उत्तरभागांत येशूचें चरित्र. येशूच्या पित्याचा स्वर्ग येथें ‘वैकुंठ’ होतो, आणि श्रोत्याला तो आपल्याच घरचा वाटतो.

परंतु ज्या सत्तेनें देवळें पाडलीं तिच्याच छायेंत हा ग्रंथ निघाला, हें विसरतां येत नाहीं. पुढें १६८४ सालीं त्याच सत्तेनें, तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज शिकावी, असा हुकूम काढला. १६४९ आणि १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला होता. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. तो वांचला भाविकांनीं जपलेल्या हस्तलिखितांमुळें. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति काढली. ग्रंथ परक्या पाद्र्यानें लिहिला खरा. तो राखला मात्र ओवींतून येशूला आळविणाऱ्या सामान्य माणसांनीं.