गोतसभा कशाने बुडाली?

1818 मध्ये पेशवाई गेली, 1827 मध्ये एल्फिन्स्टनचे कायदे आले, दिवाणी अदालती बसल्या आणि गोतसभा मेली, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. एवढ्याने कोडे सुटत नाही. गोतसभा उभी होती ती गावाच्या आठवणीवर, आणि त्या आठवणीची गरज अदालतीपेक्षा मोजणीदाराच्या साखळीने संपवली, असे माझे मत आहे.

पाटीलकीचा किंवा शिवेचा तंटा निघाला की देशमुख, देशपांडे, शेजारगावचे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार मजालसीत, म्हणजेच गोतसभेत, बसत. दोन्ही पक्ष निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आणि जामीन देत, मग तकरिरी, म्हणजे दोघांच्या जबान्या, होत. निवाड्याचा महजर लिहून झाला की त्याखाली पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. या निशाण्यांमागे एक हमी होती: उद्या हाच वाद पुन्हा उपटला तर सांगायला आम्ही आहोत. जो निवाडा करतो तोच साक्षीदार, हे आजच्या कायद्याला खपणार नाही. तिथे मात्र हेच बळ होते, कारण ज्याचे वतन त्या मातीत रुतलेले, त्यालाच शीव ठाऊक. शिवेच्या वादात महाराचा शब्द मोलाचा ठरे तो याचमुळे. जिंकणारा सरकारला हरकी भरी, हरणारा गुन्हेगारीचा दंड. सरकार काही तोट्यात नसे.

देशमुखाच्या दबावाखालच्या गोताकडून दुबळ्याला कसला न्याय मिळणार, हा आक्षेप खरा आहे. ती भीती त्या काळीही होती, म्हणून तर थळ, म्हणजे निवाड्याचे ठिकाण, बदलून मागता येई. साक्षींनी निभावले नाही तर रवादिव्य: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हातावर पिशवी चढवून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून फोड पाहायचे. आठवण थकली की असा क्रूर उपाय. पण जातीची उतरंड कुठलेही थळ बदलून सपाट होत नव्हती. महाराची साक्ष घेणारे गाव त्याला वेशीबाहेरच ठेवत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोजणी यायच्या आधीच पंचायती ओसरत होत्या ना? एल्फिन्स्टनला त्या टिकवायच्या होत्या, तरी पंच जमत नाहीत, निकाल लांबतात, हे 1819 च्या त्याच्याच अहवालात आहे. अदालत उघडल्यावर पंचांचा शब्द शेवटचा राहिला नाही, हेही कबूल. तरीही अदालतीला साक्ष लागते, आणि ती गावाकडेच होती. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी चालवली. शेताला नंबर पडला, बांधाला खूण, आकार तीस वर्षांसाठी ठरला, कब्जेदाराचे नाव दप्तरात चढले. आता शीव विचारायला चार म्हातारे गोळा करायची गरज काय?

नंबर पडलेले शेत गहाण टाकणेही सोपे झाले. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात जमाव सावकारांवर उठला आणि त्यानंतर पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता; हाती लागतील ती खते जाळली गेली. मग 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने समेट घडवणारे आणि गावमुन्सफ नेमून न्याय पुन्हा गावाजवळ आणू पाहिला. पण हा मुन्सफ सरकारी नेमणुकीचा होता, त्याच्यामागे गोत नव्हते. आणि खत खरे की खोटे हे ठरवण्यासाठी त्याच कायद्याने गावोगाव नोंदणी करणारा कारकून बसवला.