तरवा (कुरुंदवाड परिसर)

तरवा : बी दाट पेरून लावणीजोगी रोपे तयार करण्यासाठी राखलेला वाफा, तसेच त्या वाफ्यातील रोपे. कोल्हापूर जिल्ह्यात शब्दाचे हे दोन्ही उपयोग रूढ आहेत. भाताचा तरवा हा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जास्त पावसाच्या तालुक्यांचा विषय असल्याने येथे घेतलेला नाही. ही नोंद शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड आणि लगतच्या कृष्णाकाठापुरती आहे. येथे तरवा प्रामुख्याने तंबाखू, मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा व अलीकडे उसाचा असतो.

परिसर : कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ वसले आहे, समोर नृसिंहवाडी. कुरुंदवाड हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे ठाणे. 1854 मध्ये संस्थानाच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले.

जमीन : नदीकाठची मळीची जमीन भुसभुशीत, पोयट्याची, काठापासून दूर गेल्यावर भारी काळी. तरव्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. मळीत पाणी मुरते आणि वाफसा लवकर येतो. काळ्या जमिनीत पाणी साचून राहते, वर खपली धरते आणि बारीक बियांचे कोंब त्या खपलीखाली गुदमरतात. म्हणून काळ्या रानात तरवा सपाट वाफ्यात टाकू नये, हा नियम कडक पाळावा लागतो. त्याऐवजी गादीवाफा सुमारे 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब व 15 सेंटीमीटर उंच करतात. रुंदी याहून वाढवली तर मधले तण काढताना वाफ्यावर पाय पडतो. अतिपाण्यामुळे तालुक्यातील बरीच जमीन क्षारपड झाली असून शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने ती सुधारण्याचे काम हाती घेतले आहे. खारवट जमिनीत बी पाणी ओढू शकत नाही आणि उगवण तुटक होते. मिरची व कांदा यांना क्षार विशेष बाधतो. तरव्यासाठी विहिरीचे मचूळ पाणी वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

बी व उगवण : कोरडे बी पाणी शोषून फुगते, आतील साठ्याचे विघटन सुरू होते, आधी मूळ बाहेर पडते आणि मग कोंब वर येतो. या काळात बियाला ओल, ऊब व हवा तिन्ही एकाच वेळी लागतात. पाणी जास्त झाले की हवा जाते, आणि कुजलेले बी उकरून पाहिल्याखेरीज चूक कळत नाही. 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात टोमॅटो पाच ते सात दिवसांत, वांगी व कांदा सात ते दहा दिवसांत उगवतात. मिरची साधारण आठवड्यानंतर दिसू लागते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण मिरचीसाठी 60 टक्के आणि वांगी, टोमॅटो व कांदा यांसाठी 70 टक्के ठरवलेली आहे. घरचे बी असल्यास 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात व किती मोडावतात ते मोजावे. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरातच निकामी होऊ लागते, म्हणून गेल्या सालचे बी न तपासता टाकणे म्हणजे हंगाम पणाला लावणे होय. पेरणीपूर्वी किलोमागे 3 ग्रॅम थायरम किंवा 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळण्याची शिफारस आहे. बी 10 सेंटीमीटर अंतरावरच्या रेघांत, एक ते दीड सेंटीमीटरपेक्षा खोल न जाता पडले पाहिजे. वरून चाळलेले शेणखत टाकून पाचट किंवा गवत पसरतात. कोंब दिसताच हे आच्छादन संध्याकाळी काढावे. एक-दोन दिवसांचा उशीर झाला तरी रोपे लांबट व पांढुरकी होतात आणि पुढे ती सावरत नाहीत. मुंग्या बी ओढून नेतात, त्यासाठी वाफ्याभोवती राख टाकण्याची रीत आहे.

तंबाखूचा तरवा : बिडी तंबाखूच्या निपाणी पट्ट्यात बेळगावबरोबर कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांचे भाग मोडतात. निपाणी हे नाव 1981 च्या शेतकरी आंदोलनामुळे महाराष्ट्रभर पोचले, पण भावाच्या प्रश्नापलीकडे या पिकाचे जे कसब आहे त्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. ते कसब तरव्यात आहे. तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे 11 ते 12 हजार बिया बसतात. ते हाताने सारखे पेरता येत नाही. बारीक वाळू किंवा राखेत मिसळून, वाफ्याचे भाग पाडून प्रत्येक भागाचे बी वेगळे फेकतात, नाहीतर एका कडेला दाट व दुसरीकडे मोकळे राहते. बी मातीने झाकत नाहीत. हाताने हलके दाबून वर पातळ आच्छादन देतात. इतक्या लहान बियात अन्नसाठा नगण्य असल्याने खोल गेलेला कोंब वर येऊच शकत नाही. पाणी पाटाने देणे म्हणजे बी एका कोपऱ्यात वाहून नेणे. ते बारीक छिद्रांच्या झारीने, थोडे थोडे आणि दिवसातून अनेकदा द्यावे लागते. उगवण झाल्यावर पाण्याच्या वेळा कमी करत न्याव्यात. या पट्ट्यात तरवा पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकून सुमारे सहा-सात आठवड्यांची रोपे ऑगस्टच्या सुमारास लावतात.

पेरणीपूर्वी वाफ्यावर काडीकचरा जाळण्याची पद्धत बिडी तंबाखूत जुनी आहे. वरच्या थरातील तणाचे बी व बुरशी त्यामुळे कमी होते. सेंद्रिय घटक जळतात म्हणून तिला आक्षेपही घेतला जातो. उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरणे हा दुसरा मार्ग आहे, आणि ज्यांना एप्रिल-मे महिन्यांत वाफा रिकामा ठेवता येतो त्यांनी तोच धरावा. बंबाखू हे तंबाखूच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण आहे. त्याचे बी धुळीसारखे बारीक असून जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि माती लागलेल्या रोपांबरोबर नव्या रानात जाते. वांग्यालाही ते लागते. म्हणून बंबाखू आलेल्या रानात तंबाखू किंवा वांग्याचा तरवा टाकू नये.

मर : तरव्याचे सर्वांत मोठे नुकसान या रोगाने होते. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया व फ्युजेरियम या बुरशींमुळे कोवळ्या रोपाचा जमिनीलगतचा भाग पाणावतो, मऊ पडतो आणि रोप आडवे होते. पिथियमचे चल बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे सकाळी हाताएवढा दिसणारा पट्टा दोन दिवसांत वाफाभर होतो. काही रोपे मातीबाहेर येण्याआधीच मरतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. मर ही प्रथमतः पाण्याची व दाटीची समस्या आहे, बुरशीनाशकाची नंतर. बी विरळ असावे, वाफ्याला निचरा असावा, पाणी सकाळी द्यावे आणि संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकलेला असावा. एवढे पाळले तर औषधाची गरज पुष्कळदा अर्ध्यावर येते.

तंबाखूच्या तरव्यात 0.4 टक्के बोर्डो मिश्रणाची शिफारस आहे. म्हणजे 100 लिटर पाण्याला 400 ग्रॅम मोरचूद व तेवढाच चुना. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत हळूहळू ओततात. भांडे लोखंडी नसावे. तयार मिश्रणात स्वच्छ कोयत्याचे पाते बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते. भाजीपाल्याच्या वाफ्यात लिटरमागे अडीच ते तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडचे द्रावण रोपांच्या मुळाशी ओतण्याचा प्रघात आहे.

भाजीपाला : मिरचीचे रोप 40 ते 45 दिवसांचे, वांग्याचे पाच ते सहा आठवड्यांचे, टोमॅटोचे 25 ते 30 दिवसांचे, कांद्याचे सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर लावतात. त्याहून जुने रोप वाफ्यातच गाठाळते. मिरची व टोमॅटोत चुरडामुरड्याचा विषाणू पांढऱ्या माशीमुळे तरव्यातच शिरतो. शेतात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून वाफ्यावर बारीक जाळीचे नायलॉन कापड कमानीवर ताणावे आणि त्याच्या कडा मातीत गाडाव्यात. कडा उघड्या ठेवल्या तर जाळीचा खर्च वाया जातो. उपटण्यापूर्वी चार ते सात दिवस पाणी तोडत आणून रोपे कणखर करतात. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र वाफा भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत.

ट्रेमधील रोपे : 98 किंवा 104 कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे व कोकोपीट आल्यापासून तरवा टाकण्याचे काम शेतातून शेडनेटखाली गेले. प्रत्येक रोपाची मुळे स्वतंत्र असल्याने लावणीत धक्का बसत नाही व नांग्या कमी पडतात; महागडे संकरित बी वाया जात नाही. पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात आणि पहिले कोंब दिसताच पसरवून मांडतात. कोकोपीट नीट धुतलेले नसेल तर त्यात क्षार राहतात. त्यावर मचूळ पाणी पडले की पानांच्या कडा करपतात. या तालुक्यात ट्रेमधील रोपे बिघडण्याच्या कारणांत याकडे आधी पाहावे. भाजीपाला रोपवाटिकांसाठी राज्य शासनाची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे.

ऊस : एक डोळा कापून ट्रेमध्ये वाढवलेली, एक ते दीड महिन्याची रोपे लावतात, त्यामुळे बेण्याची बचत होते. को 86032 ही जात या भागात परिचित आहे.

पूर : 2005, 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. तंबाखू-मिरचीची लावण आणि पुराचा काळ एकच असल्याने काठावरचा तरवा सर्वांत आधी जातो. दोन-तीन दिवस बुडालेले रोप पाणी ओसरल्यावर हिरवे दिसले तरी त्याची मुळे गेलेली असतात, आणि पानांवर बसलेला गाळ उन्हात कडक होतो. पुराची कारणे व धरणांतील पाणीसाठा यांविषयी मतभेद आहेत. तरव्यापुरते सांगायचे तर मळीच्या रानात पोसलेल्या तरव्याबरोबरच थोडा तरवा उंचवट्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने टाकून ठेवणे हाच व्यवहार्य विमा आहे.

  

रोपांची खरेदी : विकत घेतलेल्या रोपाची जात फळ धरेपर्यंत ओळखता येत नाही, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. चांगले रोप बुटके, जाड खोडाचे असते. ट्रेमधून ओढल्यावर पांढऱ्या मुळांनी धरलेला कोकोपीटचा गोळा अखंड निघतो. मुळे तपकिरी असतील किंवा खोडाला जमिनीलगत बारीक खाच दिसत असेल तर ते रोप घेऊ नये. शेतकऱ्याने रोपे उचलताना जातीचे नाव, बियाणे कंपनी व लॉट क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्यावी आणि बियाण्याचे रिकामे पाकीट पीक निघेपर्यंत जपून ठेवावे.