आबाजींच्या डोळ्यातलं कडं

वाशिमचा इतिहास म्हटलं की वत्सगुल्म आणि वाकाटक आलेच. पण आजचा इतिहास फार लहान जागेतला आहे, डोळ्याच्या कडेवरचा.

आमचे आबाजी रिसोड तालुक्यातले, वय 82. दोन्ही बुबुळांभोवती राखाडी-पांढरं कडं. गावात नेत्रशिबिर आलं की शेजारी म्हणायचे, "आबाजी, मोतीबिंदू पिकला, नाव लिहा." त्यांचं उत्तर ठरलेलं: "मले धुऱ्यावरला माणूस वयखू येते, मंग मोतीबिंदू कायचा?"

आबाजी बरोबर होते. मोतीबिंदू होतो बाहुलीच्या मागच्या भिंगात. हे कडं असतं समोरच्या पारदर्शक काचेत, म्हणजे कॉर्नियात. रक्तातली चरबी तिच्या कडेला हळूहळू साचते. आधी वर-खाली कमानी दिसतात, मग त्या जुळून गोल होतो. मधला भाग स्वच्छच राहतो, म्हणून नजर जात नाही. (पुढे आबाजींना मोतीबिंदूही झाला, ऑपरेशन झालं. कडं मात्र होतं तिथंच आहे.)

डॉक्टर याला आर्कस सिनिलिस म्हणतात. सिनिलिस म्हणजे म्हातारपणाचं. पण हे नाव अर्धंच खरं आहे, आणि गोष्ट इथेच सुरू होते.

लंडनचा सर्जन एडविन कँटन 1850च्या सुमारास या कड्याच्या मागे लागला. हे कडं चरबीचं आहे, आणि ज्याच्या डोळ्यात चरबी त्याच्या हृदयातही असणार, असं त्याचं म्हणणं. 1863मध्ये त्याने यावर अख्खं पुस्तक काढलं. चरबीचं त्याने बरोबर ओळखलं. हृदयाच्या बाबतीत जरा घाई केली. कोपनहेगनमध्ये 12 हजारांहून जास्त लोकांवर अनेक वर्षं नजर ठेवली गेली. 2011मध्ये निष्कर्ष आला: वय वगैरे हिशेबात धरलं, तर नुसत्या कड्यामुळे हार्ट अटॅकचा धोका वेगळा वाढलेला दिसत नाही. म्हणजे आबाजींनी घाबरायचं कारण नाही.

पण तेच कडं चाळिशीच्या आत दिसलं तर?

माझे मामा 41व्या वर्षी गेले. वावरातून घरी आले, छातीत कळ आली, संपलं. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एक जवळून घेतलेला फोटो आहे. बुबुळाभोवती फिकट कडं स्पष्ट दिसतं. आम्ही पोरं म्हणायचो, "मामाचे डोळे घारे आहेत." त्यांचं कोलेस्टेरॉल कधी तपासलंच नव्हतं, त्यामुळे कारण हेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

काही घराण्यांत एलडीएल कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं. यकृताच्या पेशींवर ते रक्तातून उचलून घेणारे रिसेप्टर असतात. तेच कमी किंवा बिघडलेले असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन जोडीने हे शोधलं, 1985चं नोबेल मिळवलं. आई किंवा वडील, एकात हा दोष असला तरी प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. आणि हो, कडं नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही. ते रक्त तपासल्यावरच कळतं.

आईला वाशिमला नेऊन लिपिड प्रोफाइल केली. एलडीएल 212. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. माझा रिपोर्ट ठीक आला. मामांचा मुलगा 23 वर्षांचा आहे, पुण्यात असतो. "मले काय होते बे," म्हणून टाळतोय. या भागाची लिंक सगळ्यात आधी त्यालाच पाठवतोय.