शब्दयोगी अव्यये, इंग्रजीतील

नाम वा सर्वनामापूर्वी येऊन त्याचा वाक्यातील अन्य पदांशी स्थल, काल, साधन इत्यादी संबंध दाखविणारा इंग्रजी शब्दवर्ग (प्रिपोझिशन). ग्रीक व्याकरणातील आठ शब्दजातींपैकी ही एक. लॅटिनमार्गे ती इंग्रजी व्याकरणात आली. जुन्या इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय मध्ययुगीन काळात झिजल्यावर त्यांचे कार्य बव्हंशी या अव्ययांकडे व पदक्रमाकडे गेले (पहा : विभक्ती).

ओळखीची मुख्य खूण म्हणजे पुढील पद. सर्वनाम असल्यास ते कर्मरूपात येते : ‘विथ ही’ नव्हे, ‘विथ हिम’. ‘इन द रूम’मधील ‘इन’ शब्दयोगी. ‘कम इन’मधील पारंपरिक व्याकरणानुसार क्रियाविशेषण. ‘टू’ विशेष फसवे : ‘आय वाँट टू गो’मध्ये ते धातुरूपाचे चिन्ह, तर ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मध्ये शब्दयोगी, म्हणून पुढे ‘मीट’ येत नाही. घड्याळी वेळेला ‘ॲट’, वार-तारखेला ‘ऑन’, महिना-वर्षाला ‘इन’ लागते. मराठी शब्दयोगी नामानंतर जोडून येते. त्यातील एकट्या ‘वर’साठी इंग्रजीत सहसा स्पर्श असल्यास ‘ऑन’, नसल्यास ‘ओव्हर’ वा ‘अबव्ह’ (पहा : मराठी व्याकरण).

वाक्यान्ती शब्दयोगी ठेवण्यावर जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये आक्षेप घेतला. तरीही ‘टू हूम आर यू टॉकिंग?’पेक्षा ‘हू आर यू टॉकिंग टू?’ हीच रचना बोलीत रूढ आहे.